‘लास्ट किती?’ विचारणाऱ्यांस खुले पत्र

प्रति,
जाहिरात न वाचता फोन करणारे सर्व सन्माननीय खरेदीदार

विषय: स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस, 2017, पेट्रोल, फर्स्ट ओनर, ‘स्टेज टू’. खाजगी विक्रीबाबत.

मालकाने हौसेने मॉडिफाय केलेली टर्बो गाडी एजंटाला न देता स्वतः विकणे, हा जुन्या गाड्यांच्या बाजारातला वेगळाच प्रकार आहे. साध्या हॅचबॅकचा व्यवहार एखाद्या रविवारी चहावर उरकतो. या गाडीचा उरकत नाही, कारण ज्याच्याकडे पैसे असतात त्याला ती नको असते आणि ज्याला ती जीव तोडून हवी असते तो अजून कॉलेजात असतो.

ऑक्टाव्हिया आरएस भारतात पहिल्यांदा 2004 मध्ये आली, 1.8 लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन घेऊन. 2017 मध्ये आलेल्या आरएस 230 मध्ये 2 लिटरचे इंजिन, 230 अश्वशक्ती, 350 न्यूटनमीटर टॉर्क आणि सहा गिअरचा डीएसजी गिअरबॉक्स होता. चार दरवाजे आणि भली मोठी डिकी असल्यामुळे सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती कुणाच्याही डोळ्यांत येत नाही. खरेदीदाराचे वडील तिला ‘साधी सेडान’ म्हणतात आणि विक्रेता ‘स्पोर्ट्स कार’. आपापल्या जागी दोघेही बरोबर.

टर्बोचे तंत्र थोडक्यात असे. एक्झॉस्टमधून वाया जाणाऱ्या वायूवर एक चक्र फिरते, त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त, म्हणून ताकद जास्त. हा दाब किती ठेवायचा हे गाडीचा संगणक ठरवतो आणि कंपनीने त्यात सवलत राखून ठेवलेली असते: रद्दड पेट्रोल, मे महिन्याचे ऊन, वर्षानुवर्षे न बदललेले ऑइल यांच्यासाठी. हौशी मालक ही सवलत आधीच खर्च करून टाकतो. नुसते सॉफ्टवेअर बदलले, म्हणजे रिमॅप केले, की ‘स्टेज वन’. त्याला मोठा डाऊनपाइप, मोकळा इनटेक, जमल्यास मोठा इंटरकूलर जोडला की ‘स्टेज टू’. टर्बोच बदलला तर ‘स्टेज थ्री’, आणि तिथून पुढे घरात या विषयावर बोलणे बंद होते. रिमॅपने या इंजिनाची ताकद तीनशेच्या आसपास जाते. त्याचा हिशेब मात्र गिअरबॉक्सच्या क्लचला चुकवावा लागतो.

आता किंमत. जाहिरातीत विक्रेता गाडीचा बाजारभाव लिहितो, त्याखाली बसवलेल्या सामानाची यादी देतो आणि दोन्हींची बेरीज मागतो. ही बेरीज फक्त विक्रेत्यालाच येते. बाजारात डाऊनपाइपला वेगळा भाव नाही. उलट तो दिसला की खरेदीदार मनातल्या मनात किंमत उतरवू लागतो, कारण तो बसवणाऱ्याने गाडी कशी हाणली असेल याचा अंदाज त्याला येतो. खरी किंमत असते ती माळ्यावर पोत्यात बांधून ठेवलेल्या मूळ सामानाला: कंपनीचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, मूळ एअरबॉक्स, मूळ अलॉय. ज्याने ते भंगारात घातले त्याची गाडी महिनोन्‌महिने कव्हरखाली उभी राहते. शहाणा विक्रेता गाडी आधी मूळ रूपात आणतो आणि सुटे केलेले सामान दुसऱ्या हौशी माणसाला वेगळे विकतो. त्यात बऱ्यापैकी पैसे सुटतात. रिमॅप काढून मूळ फाइल टाकली तरी ते पुसले जातेच असे नाही. सर्व्हिस सेंटरच्या संगणकाने ते एकदा पकडले असेल तर गाडीच्या नोंदीत ‘टीडी1’ असा शेरा राहतो.

फोन करणारे ढोबळमानाने तीन जातींचे. पहिला विचारतो, “मायलेज किती देते?” 100 ऑक्टेनचे पेट्रोल इंडियन ऑइलने 2020 मध्ये बाजारात आणले, ते मागणाऱ्या गाडीबद्दल हा प्रश्न विचारणाऱ्याचे धाडस दाद देण्याजोगे आहे. दुसऱ्याला घ्यायचे काहीच नसते, ‘एक राउंड’ मारायचा असतो; तो मित्र घेऊन येतो, मित्र मागच्या सीटवर मोबाइल धरून बसतो आणि हायवे लागताच लाँच कंट्रोल कसा लावायचा ते विचारतो. तिसरा क्वचित येतो. तो आल्याआल्या बॉनेटवर हात ठेवतो.

या तिसऱ्यासाठीच हे पत्र आहे. बॉनेट गरम लागले तर विक्रेत्याने गाडी आधीच चालू करून ठेवली होती, म्हणजे थंड इंजिनाचा खडखडाट किंवा पहिला निळा धूर लपला. इनटेकचा होस काढून टर्बोचा दांडा दोन बोटांनी हलवून पाहावा: बाजूला किंचित हलला तर चालते, आतबाहेर जाणवण्याइतका हलला तर नाही. स्कॅनर लावल्यावर एकही एरर नसेल तर आनंदून जाऊ नये. एरर कधी पुसले तेही पाहावे. सर्व्हिसची बिले मागावीत आणि ऑइल किती किलोमीटरला बदलले ते तारखेनिशी वाचावे. ‘शोरूम मेंटेन्ड’ हे शब्द म्हणजे बिल नव्हे.

कायदा या सगळ्याकडे हौस म्हणून पाहत नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 सांगते की नोंदणी-प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने ठरवलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा ठरेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणजे विक्रेत्याने जाहिरातीत अभिमानाने दिलेली यादी ही दंडाची पावती म्हणूनही वाचता येते. विमा कंपनीला न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी आडवा येतो, तो भाग वेगळाच.

शेवटी कागदपत्रे. फॉर्म 29 आणि 30 वर सह्या, कर्ज असेल तर बोजा उतरवण्यासाठी फॉर्म 35, गाडी परराज्यात जाणार असेल तर फॉर्म 28 वरची एनओसी. राज्यातल्या राज्यात हस्तांतर असेल तर विक्रेत्याने 14 दिवसांत आणि खरेदीदाराने 30 दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विम्याचा नो क्लेम बोनस विक्रेत्याचा, तो गाडीबरोबर जात नाही. ‘नाव नंतर करून घेऊ’ म्हणणाऱ्याला किल्ली देऊ नये. सर्वोच्च न्यायालयाच्या 2018 च्या निकालानुसार अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, मग गाडी मधल्या काळात कितीही हातांतून फिरलेली असो. ई-चलनेही त्याच नावावर येतात, आणि या गाडीला ती येतातच.

टोकन रोख किंवा यूपीआयने चालेल. एक्स्चेंजमध्ये बुलेट नको.

कळावे,
विक्रेता
(आरसीवर अद्याप नाव यांचेच)