तिसरं बेट

मालदीवला जाऊन आठवडाभर एकाच बेटावर राहणं हल्ली मध्यमवर्गीय समजलं जातं. सुज्ञ माणूस दोन बेटं घेतो. तीन रात्री इथे, तीन तिथे. दोन्हीकडे तीच पांढरी वाळू, तेच माड, पाण्यावर उभी तीच खोली. पण एका स्वर्गाचा कंटाळा आला तर माणसानं जायचं कुठे? मधला प्रवास सीप्लेननं. ते अंधारात उडत नाही, म्हणून संध्याकाळी पोचणारं विमान टाळावं. नाहीतर स्वर्गाच्या दारात साध्या हॉटेलात रात्र काढायची नामुष्की येते.

सकाळी तलावात तरंगत्या परातीतून नाश्ता येतो. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून एका हातानं परात धरायची, दुसऱ्यानं मोबाइल. खायला तिसरा हात लागतो, पण ते ऑम्लेट खाण्यासाठी नसतंच.

या देशाची जमीन समुद्रापासून सरासरी जेमतेम दीड मीटर उंच. २००९ साली तिथल्या मंत्रिमंडळानं पाण्याखाली बैठक घेऊन जगाला बुडण्याचा धोका दाखवला. पाहुण्यांची पाण्याखाली जेवायची सोय मात्र २००५ पासूनच होती.

पर्यटकही हात बांधून बसलेला नाही. मालेजवळ थिलाफुशी इथलं उथळ पाणी १९९०च्या दशकापासून कचऱ्यानं भरत आणलं, त्याचं रीतसर बेट झालं. त्यात आपल्या बाटल्या आहेत, ते ऑम्लेटही आहे. एवढी भूमी उभारूनही ती पाहायला कोणी जात नाही, फोटो काढत नाही. इतकी प्रसिद्धीपराङ्मुखता श्रीमंतांत विरळाच.