चवड्यांवरचं साहस

रॉयल एनफील्डची हिमालयन ४५० नोव्हेंबर २०२३मध्ये बाजारात आली. ४५२ सीसीचं इंजिन, पुढे २१ इंची चाक, वजन तब्बल १९६ किलो. लडाखच्या खिंडी चढायला हे सगळं हवंच. पण नव्या मालकाची पहिली मोहीम बहुधा सोसायटीच्या पार्किंगमध्येच पार पडते: ८२५ मिलिमीटर उंच सीटवर बसून, चवड्यांवर तोल सांभाळत, दोन स्कूटरांच्या मधून गाडी मागे घ्यायची. बाजूच्या ऐटदार पेट्यांत तंबू नसतो. जेवणाचा डबा आणि रेनकोट असतो.

चाहते म्हणतील, ऑफिसला नेली म्हणून काय बिघडलं, सस्पेन्शन इथेही कामाला येतंच की. मान्य, आणि इथेच थट्टा जरा अडते. भर पावसाळ्यात मुंबई-गोवा महामार्गाने कोकणात उतरलेला माणूस २०० मिलिमीटरच्या सस्पेन्शनला चैन म्हणायला धजणार नाही. हिमालय गाठायची गरजच काय, तो बांधकाम खात्याने दारात आणून ठेवलाय! फक्त लडाखचे दगडधोंडे निसर्गाने फुकट दिलेले आहेत. आपल्याकडच्या खड्ड्यांसाठी रोड टॅक्स आगाऊ भरावा लागतो, आणि महाराष्ट्रात दुचाकीचं इंजिन मोठं, तसा त्याचा दरही चढा.