तेरा जिंका, घरी बसा

तेरापैकी तेरा सामने जिंकायचे, आपल्या गटाचं विजेतेपद मिळवायचं, आणि मग तेरा जणांच्या निवड समितीने सांगायचं: तुमचा क्रमांक पाचवा, विजेतेपदाच्या प्लेऑफमध्ये जागा चार! 2023 साली अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये फ्लोरिडा स्टेटचं हेच झालं. कारण? क्वार्टरबॅक जॉर्डन ट्रॅव्हिसचा पाय जायबंदी. त्याच्याविना हा संघ वेगळा म्हणे. त्याच्याविना त्यांनी पुढचे दोन्ही सामने जिंकले होते, पण ते बहुधा मोजायचे नसावेत. एक सामना हरलेलं अलाबामा मात्र आत. हिरमुसलेल्या फ्लोरिडा स्टेटचे बिनीचे अनेक खेळाडू मग ऑरेंज बोलच्या सामन्यात उतरलेच नाहीत, जॉर्जियाच्या संघाने त्यांना 63-3 असं धुतलं, आणि समितीचे समर्थक म्हणाले, बघा! 2024 मध्ये जागा बारा झाल्या. त्या वर्षी अलाबामा बाहेर. अन्यायाचा शोध तिथेही लागला.