उतारा सोडवा, वाचायचं नंतर बघू

पनवेल आणि पंचक्रोशीतल्या अकरावी-बारावीच्या नवशिक्यांसाठी हे मार्गदर्शन आहे. पेण, उरण, रसायनीहून एसटीला लोंबकळत येणाऱ्यांनीही लाभ घ्यावा. फी नाही, त्यामुळे नंतर तक्रारही चालणार नाही.

आधी एक गैरसमज दूर करू. ‘खालील उतारा काळजीपूर्वक वाचा आणि दिलेल्या सूचनांनुसार कृती करा’ हे वाक्य लग्नपत्रिकेतल्या ‘आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं’सारखं असतं. ते छापायची रीत आहे. त्यावर विसंबून कोणी वागत नाही.

बोर्डाचाही वाचनाबद्दल फार आग्रह दिसत नाही. पूर्वी बारावीचा पेपर वेळेच्या दहा मिनिटं आधी हातात मिळायचा, शांतपणे वाचून घ्या म्हणून. मग त्या दहा मिनिटांत पेपर मोबाइलवरून गावभर फिरायला लागला आणि वर्गातल्यांपेक्षा वर्गाबाहेरचे तो जास्त मन लावून वाचू लागले. शेवटी 2023च्या परीक्षेपासून ती सोय बंद झाली आणि तेवढीच दहा मिनिटं शेवटी वाढवून मिळाली. म्हणजे वाचायचा वेळ काढून घेतला आणि लिहायला दिला. अकराचा पेपर आता दोन वाजून दहा मिनिटांनी सुटतो. शहाण्याने यातून काय ते समजावं.

इंग्रजीच्या 80 गुणांच्या पेपरात अपठित उताऱ्याला 12 गुण असतात, आणि तो शेवटपर्यंत अपठित ठेवूनही त्यातले बरेचसे पदरात पडतात. त्यासाठी उताऱ्याकडे ढुंकूनही न बघता थेट कृतींवर जा. कृतीतला ठसठशीत शब्द धरा, तो उताऱ्यात कुठे आहे ते बोटाने शोधा, आणि बोटाखालचं वाक्य उचला. विश्वास बसत नसेल तर हा नमुना घ्या:

‘भोकरट गावच्या झिंगोळ्यांनी काल पहाटे खरकुंडं लुंबाडली, कारण त्यांना डेमट होण्याची धास्ती होती.’

आता कृती. खरकुंडं कोणी लुंबाडली? झिंगोळ्यांनी. केव्हा? काल पहाटे. कारण लिहा: डेमट होण्याची धास्ती. हवा तर ओघतक्ताही काढा, चौकटी पट्टीने आखा आणि बाण ठळक करा. झिंगोळे म्हणजे माणसं, पाखरं की एखादी समिती, हे कोणी विचारलेलं नाही. ते आदर्श उत्तरपत्रिकेतही नसतं, त्यामुळे तपासणाऱ्यालाही त्याची चिंता नसते. पैकीच्या पैकी.

‘स्वतःच्या शब्दांत लिहा’ असं आलं की मुलं उगाच घाबरतात. समजा उताऱ्यात आहे: ‘पनवेल येथे 1852 साली नगरपालिका स्थापन झाली. 1 ऑक्टोबर 2016 रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर झाले.’ यावर स्वतःचे शब्द म्हणजे ‘झाली’च्या जागी ‘करण्यात आली’. एवढा बदल पुरतो. ही 164 वर्षं शहर काय करत होतं, अशी शंका मनात आलीच तर ती मनातच ठेवा. शंकेला गुण नसतात.

समानार्थी-विरुद्धार्थीवर वेळ घालवू नका. गाईड आहे.

खरी कसोटी स्वमताची. इंग्रजीत यालाच पर्सनल रिस्पॉन्स म्हणतात, पण मत दोन्हीकडे तेच लागतं: कोणाचंही नसलेलं. सुरुवात ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’ने करावी, मध्ये नाण्याच्या दोन बाजू दाखवाव्यात, शेवटी समतोल साधावा. विषय मोबाइल असो, वृक्षतोड असो की वाचनाचं महत्त्व, हा साचा सगळ्यांना बसतो.

धोका फक्त एकच, विषय ओळखीचा निघण्याचा. समजा, ‘विकासामुळे गावांचा कायापालट होतो, तुमचे मत लिहा’ असं आलं आणि तुम्ही कोल्ही, कोपर किंवा चिंचपाड्याचे असलात. विमानतळासाठी उलव्याची टेकडी फोडली, नदीचं पात्र वळवलं, दहा गावं उठली. सिडकोची साडेबारा टक्के योजना काय, विमानतळवाल्यांना मिळालेले साडेबावीस टक्के काय, कुठल्या सातबाऱ्यावर कुणाचं नाव चढलं आणि कुणाचं राहिलं, हे तुमच्या घरी जेवताना रोज निघतं. 1984 साली जासईच्या आंदोलनात शेतकरी पोलिसांच्या गोळीला बळी पडले, ते आजोबांनी शंभरदा सांगितलेलं असतं. नोटिशीतल्या एका ओळीचा अर्थ लावायला तुमच्याकडे अख्खी आळी गोळा होते, ‘संपादित’ आणि ‘विकसित’ या शब्दांवर रात्री बारापर्यंत खल चालतो. आणि वाक्य चुकीचं समजलं तर भूखंड हातचा जातो.

तर हे सगळं आकलन कृपया घरी ठेवून या. उत्तरपत्रिकेत लिहा: ‘विकास ही काळाची गरज आहे, मात्र पर्यावरणाचा समतोल राखला पाहिजे.’ दोन गुण.

वाचलेलं खरंच समजलं पाहिजे, अशा जागा पनवेलमध्ये आहेतच, पण त्या अभ्यासक्रमाबाहेरच्या. स्टेशनवरचा इंडिकेटर घ्या. ठाण्याची गाडी सीएसएमटीची समजून बसलात तरी जुईनगरपर्यंत काही बिघडत नाही, स्टेशनं तीच येत राहतात. मग सानपाड्याऐवजी तुर्भे येतं. तिथे उपप्रश्न नसतो आणि ‘करण्यात आले’ लिहून सुटका होत नाही. एसटी स्टँडवर तर पाटी लांबून, धुळीतून, गर्दीच्या डोक्यांवरून वाचायची आणि त्यातही ‘मार्गे’ आणि ‘विनाथांबा’ नेमकं हेरायचं. हे रोज बिनचूक करणारी पोरं आकलनात कच्ची आहेत, असा शेरा प्रगतिपुस्तकात वाचला की मला गंमत वाटते. असो, मार्गदर्शकाने इतकं मोकळं बोलू नये.

शेवटची सूचना महत्त्वाची. क्वचित एखादा उतारा चांगला निघतो. कोणीतरी ऐन पावसात होडी लोटलेली असते, घरचे नको म्हणत असतात, वारा फिरलेला असतो, आणि बोट कधी थांबलं ते न कळता तुम्ही वाचत सुटता. तेवढ्यात उतारा संपतो आणि खाली कृती येते: होडी कोणी लोटली ते लिहा. होडीचं पुढे काय झालं, ते बोर्ड सांगत नाही. अशा वेळी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघावं आणि चौकट आखायला घ्यावी. पेपर सुटल्यावर त्या पुस्तकाच्या शोधात वाचनालयात जावंसं वाटलं तर वेळापत्रक काढून बघा. मराठीचा पेपर अजून व्हायचा असतो आणि त्यातही उतारा असतोच.