कलेच्या गावात बसायला जागा

फ्लॉरेन्समधल्या जुन्या सावकारांच्या वाड्यांची आता हॉटेलं झाली आहेत. आम्ही उतरलो त्या वाड्यात खोल्या मोजक्या आणि कलाकृती बेसुमार. इमारत ऐतिहासिक, म्हणून भिंतींना धक्का लावायचा नाही. लिफ्ट जिन्याच्या पोटात कशीबशी कोंबलेली. तीत बॅग मावे, किंवा बॅगेचा मालक. बॅग लिफ्टनं गेली, मी जिन्यानं.

खोलीत भिंतीतून पितळेचा एक हात बाहेर आला होता. बायकोनं त्यावर भिजलेली छत्री अडकवली, तशी खोली दाखवायला आलेली मुलगी कळवळली. तो हात म्हणजे शिल्प होतं. खिडकीजवळची खुर्चीही शिल्पच. पलंगावर मात्र झोपायची परवानगी होती. समोरच्या पुरुषभर उंचीच्या तैलचित्रातून एक धर्मगुरू टक लावून बघत होता. "अहो, याला जरा तिकडं तोंड करायला सांगा," बायको म्हणाली. कपडे बदलायला बाथरूम गाठावं, तर तिला दार नव्हतं. नक्षीदार काच होती, आरपार दिसणारी, कोपऱ्यात कलाकाराची सही असलेली.

गंमत म्हणजे, ज्या जुन्या कलेसाठी जग इथं येतं, ती सगळी कामाला जुंपलेली. शिल्पकार गिबर्तीनं बाप्तिस्तेरीच्या, म्हणजे बाप्तिस्मा देण्याच्या इमारतीच्या, सोनेरी दारांवर २७ वर्षं घालवली, पण ती उघडत आणि मिटत. वास्तुकार ब्रुनेलेस्कीचा घुमट १४३६ पासून कॅथीड्रलवर छत धरून उभा आहे. त्याच्या ४६३ पायऱ्या चढाव्या लागतात. लिफ्टची आशाच नाही, त्यामुळे निराशाही नाही. आणि लोज्जा दे लान्झी या खुल्या ओसरीत शिल्पकार चेल्लिनीच्या पर्सियसच्या पुतळ्याशेजारी फुकट टेकता येतं.

१८१७ मध्ये फ्रेंच लेखक स्तांदाल इथल्या सांता क्रोचे चर्चमधून बाहेर पडला, तेव्हा त्याची छाती धडधडत होती आणि पाय लटपटत होते. कलेच्या अतिरेकानं येणाऱ्या या भोवळीला पुढं ग्राझिएल्ला माघेरिनी या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी त्याचंच नाव दिलं. मला ती बिल पाहून आली. इटलीत कॉफी काउंटरशी उभ्यानं प्यायली तर स्वस्त, टेबलाशी बसून महाग. लॉबीतल्या खुर्च्याही शिल्पं असल्यानं आम्ही ती उभ्यानंच प्यायलो होतो. दर मात्र बसण्याचा! वर माणशी, रात्रीगणिक, शहराचा कर.

तेव्हा फ्लॉरेन्सला जरूर जा, पण उतरा स्टेशनाजवळच्या साध्या लॉजवर. चित्रकार मसाच्चोचं 'त्रिनिता' हे चित्र तिथल्या सांता मारिया नोव्हेल्ला चर्चच्या भिंतीवर आहे, आणि लॉजमधली खुर्ची बसण्यासाठीच असते.