टार-मीमांसा, अर्थात विंडोजचं गाठोडं लिनक्सने कसं बांधावं

विषय. ‘न्यू फोल्डर (२)’ विंडोजच्या सी ड्राइव्हवर, आणि आपण लिनक्सच्या काळ्या खिडकीत. ते इथून दिसावं आणि बांधता यावं, एवढाच प्रश्न. शास्त्रार्थाला एवढं पुष्कळ झालं.

भूगोल. लिनक्स म्हणजे लातूर. गंजगोलाईला सोळा रस्ते मिळतात, तसे लिनक्सचे सगळे पत्ते एका स्लॅशपासून सुटतात. विंडोज म्हणजे नांदेड. गोदावरीच्या एका काठाला जुनं गाव, दुसऱ्या काठाला सिडको; तशी सी आणि डी यांची चूल वेगळी. ए आणि बी फ्लॉपीबरोबर वारले, पण त्यांच्या पाटावर सहसा कुणी बसत नाही. विंडोजची तिरकी रेघही उलटी, कारण १९८३ मध्ये त्याच्या आधीच्या डॉस २.० ने फोल्डरात फोल्डर आणलं, तेव्हा सुलटी रेघ आज्ञांच्या पर्यायांना आधीच देऊन झाली होती.

पूर्वपक्ष. सी ड्राइव्ह लिनक्समधून दिसावा म्हणून तो माउंट करतात. माउंट म्हणजे एप्रिल २०१६ ची मिरज-लातूर पाणीगाडी. पहिल्या खेपेला दहा वॅगन, सुमारे ५ लाख लिटर.

उत्तरपक्ष. चूक. गाडीने पाणी मिरजेतून उचलून लातुरात ओतलं, ती झाली कॉपी. माउंटमध्ये थेंबही हलत नाही. मिरजेची टाकी जागेवरच राहते, तिला लातुरात फक्त एक नळ फुटतो. ‘स्लॅश एमएनटी स्लॅश सी’ हा तो नळ. त्याच २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजच्या पोटात लिनक्स घातलं, तेव्हापासून तो जोडूनच येतो. विंडोजवर युनिक्सची साधनं देणाऱ्या, १९९५ पासूनच्या सिग्विनमध्ये त्याच नळाला ‘सिगड्राइव्ह’ म्हणतात. टाकी मात्र तीच, म्हणून नळापाशी ‘डिलीट’ केलं, तर रिकामी होते ती टाकी.

बांधणी. टार म्हणजे टेप आर्काइव्ह. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सपासूनचा कारकून. पेशवे दफ्तरात कागद रुमालात बांधतात, तसा तो नुसता बांधतो. दाबून लहान करणं हे जीझिपचं काम, त्यासाठी आज्ञेत ‘झेड’ लागतो. ‘न्यू फोल्डर (२)’ला अवतरणचिन्हांत घालावं, नाहीतर मोकळ्या जागेपाशी नावाचे तुकडे होतात आणि कंसाला आज्ञा वाचणारं शेल अडखळतं.

दृष्टांत. मावसभावाच्या लग्नानंतर आहेराची यादी आणि फोटो मी बांधायला घेतले. टारच्या आज्ञेत बांधायचा ‘सी’ आणि नावाचा ‘एफ’ दिला, पण एफच्या लगेच मागे गाठोड्याचं नाव लागतं, हे विसरून थेट यादीचंच नाव लिहिलं. एकच नाव दिलं असतं, तर टारने रिकामं गाठोडं बांधायला ‘भित्रेपणाने नकार’ दिला असता. ते शब्द खरंच त्याच्या संदेशात आहेत. पण मागे फोटो होते. त्याने निमूटपणे यादीचाच रुमाल केला आणि त्यात फोटो बांधले.

रात्री नांदेडहून मावसभावाचा फोन आला. “काहून दादा, यादी उघडंना? पाटलांच्या पोराचं लग्न परवावर आलंय, त्यांनी आपल्याला काय घातलं होतं?”

सिद्धांत. आधी रुमालाचं नाव, मग कागदांचं.

परिशिष्ट. मावशीने सगळा आहेर शंभरपानी वहीत लिहून ठेवला होता. ती वही कुठेच माउंट होत नाही; मावशी हातातून सोडत नाही.