आइस्क्रीम पॉटचे चरित्रकार

शास्त्रीबुवा ही त्यांना आमच्या सोसायटीने दिलेली पदवी. वय पस्तिशीच्या आत, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर टेस्टिंग. खरं काम रात्री जेवणाची ताटं उचलल्यावर सुरू होतं. जे कधी घडलंच नाही त्याची बिनचूक नोंद ठेवणं, हे ते काम.

'स्टार वॉर्स'ला वाहिलेला 'वूकीपीडिया' नावाचा एक ऑनलाइन कोश २००५ साली निघाला. शास्त्रीबुवा तिथले मानकरी. १९८०च्या 'द एम्पायर स्ट्राइक्स बॅक'मध्ये ढगांतल्या शहरात पळापळ होते, तेव्हा नारिंगी कपड्यांतला एक माणूस काखेत पांढरं भांडं मारून धावत जातो. दोन-चार सेकंदांचं काम, संवाद शून्य. भांडं म्हणजे चक्क घरगुती आइस्क्रीम पॉट. आपण म्हणू, एक्स्ट्रा असेल बिचारा, दिवसाची मजुरी घेऊन गेला घरी. पण त्याचं नाव विलरो हूड. तो गॅसच्या खाणीतला कामगार. काखेतल्या भांड्यात काय होतं आणि ते वाचवणं का गरजेचं होतं, सगळं तळटिपांसह नोंदलेलं आहे. चाहत्यांच्या संमेलनात लोक नारिंगी कपडे घालून, आइस्क्रीम पॉट घेऊन घोळक्याने धावतात. पुढे २०१९ साली 'द मँडलोरियन'मध्ये तसंच भांडं मौल्यवान धातू ठेवायला वापरलं आणि त्याला 'कॅमटोनो' असं नावही मिळालं. त्या दिवशी शास्त्रीबुवांनी सोसायटीच्या ग्रुपवर पेढ्यांचा फोटो टाकला. सगळ्यांना वाटलं, मुलगा झाला.

लूक स्कायवॉकरचा जन्म याविनच्या लढाईपूर्वी १९ वर्षं, हे ते झोपेत सांगतात. स्वतःच्या आजोबांचं जन्मसाल विचारलं तर म्हणतात, "प्लेगच्या आसपास कधीतरी."

ही जमात जगभर आहे. विकिपीडियावर एके काळी पहिल्या १५१ पोकेमॉनांपैकी प्रत्येकाला स्वतंत्र लेख होता. कुणाचा लेख उडवायची वेळ आली की वकिली ठरलेली: अमक्या पोकेमॉनला जागा आहे, मग आमच्या माणसाने काय घोडं मारलंय? शेवटी कडक मंडळींनी बहुतेक पोकेमॉनांना एकेका यादीत कोंबलं. 'स्टार ट्रेक इन्टू डार्कनेस'च्या नावात 'इन्टू'चा आय मोठा की लहान, यावर २०१२-१३ मध्ये तिथे चाळीस हजारांहून अधिक शब्दांची चर्चा झाली. देवनागरीत लहानमोठी अक्षरं नाहीत हे आपलं भाग्य. नाहीतर ऱ्हस्व-दीर्घातून वेळ काढून आपण तिथेही भांडलो असतो.

शास्त्रीबुवांच्या घरात सुतक पडलं ते एप्रिल २०१४ मध्ये. डिस्नीने दोन वर्षांपूर्वी 'स्टार वॉर्स'ची मूळ कंपनी विकत घेतली होती. आता जाहीर झालं की चित्रपटांबाहेरच्या कादंबऱ्या-कॉमिक्समधला बहुतेक इतिहास यापुढे इतिहास नाही, 'लेजेंड्स'. म्हणजे काल्पनिक गोष्टींतला अर्धा भाग आता अधिकृतरीत्या काल्पनिक! लूकचं लग्न झालं होतं, मुलगा होता. एका पत्रकाने संसार मोडला. कोशात एकेका पात्राची दोन-दोन पानं झाली. आई दाराशी येऊन म्हणाल्या, "अरे, दोन घास तरी खाऊन घे, नसलेल्या माणसांसाठी कुणी उपाशी राहतं का?"

मला या माणसाची थट्टा पूर्णपणे करता येत नाही. केतकरांनी ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले, त्यामागची चिकाटी याच्याकडेही आहे. फक्त खऱ्या जगात चार साक्षीदारांच्या पाच हकिकती असतात आणि निकाल द्यायला मालक नसतो. तिकडे असतो. वाद चिघळलाच तर कंपनी सांगते भांड्यात काय होतं, आणि भांडणारे घरी जातात.

हे सेक्रेटरींना कुणी सांगितलं नसावं. सोसायटीला पंचवीस वर्षं झाली तेव्हा स्मरणिकेत इतिहास लिहायचं काम त्यांनी शास्त्रीबुवांनाच दिलं. बोअरवेल कुणाच्या प्रयत्नाने आली यावर दोन माजी अध्यक्षांचे दावे होते. शास्त्रीबुवांनी दोघांकडे पावत्या मागितल्या. जिने रंगवल्याच्या तीन तारखा निघाल्या, त्या तिन्ही दिल्या. मजकूर प्रेसला गेला तेव्हा तो वाचायला कुणालाच वेळ नव्हता. त्यामुळे विद्यमान अध्यक्षांच्या फोटोखाली छापून आलं: "मनमिळाऊ, निःस्वार्थी व काटकसरी (संदर्भ हवा)."

अध्यक्षांच्या सौभाग्यवतींनी ते पान फ्रेम करून घेतलंय.